ऋतू पाहणारी लेखणी



निसर्गवर्णन म्हणजे फावल्या वेळचा शब्दविलास, असा एक समज रूढ आहे. पहाट सोनेरी, पाऊस रिमझिम, झाड हिरवेगार! ही विशेषणे दार लावून बसले तरी सुचतात. ऋतू लिहायचा तर दार उघडावे लागते.

कालिदासाचे ‘ऋतुसंहार’ पाहावे. सहा ऋतूंचे सहा सर्ग. आरंभ ग्रीष्माने आणि वसंत अखेरीस. ‘मेघदूता’तील मेघाचा मार्ग तर नकाशावर रेखाटता येतो. रामगिरीहून निघालेला मेघ रेवा ओलांडतो, विदिशेला पोहोचतो आणि वाट वाकडी करून उज्जयिनीला जातो. हा रामगिरी म्हणजे विदर्भातील रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. महाकवीची कल्पना आकाशात विहरली, तरी तिला भूमीचा विसर पडला नाही.

हीच दृष्टी मराठीत दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त प्रकटली. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेक मास उलगडत जातो. पंचांगातील बारा नावांना त्यात रंग, गंध आणि चेहरा लाभला. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून रानात आयुष्य वेचले आणि मराठीला निसर्गाची परिभाषा दिली. कावळ्यांच्या वसाहतीसाठी ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीसाठी ‘सारंगागार’ हे शब्द त्यांचेच. २०२५ साली ते गेले. शब्द मागे राहिले. जे बारकाईने पाहिले, त्यालाच नाव देता येते, हे या साऱ्या लेखनाचे मर्म आहे.

आज आपल्या घरांतील चित्र काय आहे? मुलांना इंग्रजी पुस्तकांतील चार ऋतू पाठ असतात. फाल्गुनात निष्पर्ण पळस पेटतो, पिंपळाला तांबूस पालवी फुटते, ती मात्र शाळेच्या वाटेवर असूनही दिसत नाही. वस्तू नजरेआड झाली की तिचा शब्द बोलण्यातून जातो. शब्द गेला की पुढच्या पिढीला ती वस्तू समोर असूनही ओळखता येत नाही. भाषेची ही झीज आवाज न करता होते.

उपाय सोपा आहे. येत्या वर्षप्रतिपदेला घरात एक वही ठेवावी. कोणते झाड फुलले, कोणता पक्षी बोलला, वारा कोणत्या दिशेचा, एवढेच मुलाने रोज एका ओळीत लिहावे. विशेषण एकही नको. नाव ठाऊक नसेल, तर आजीला विचारावे. वर्ष सरेल तेव्हा त्या वहीत घरातले ऋतुचक्र पूर्ण झालेले असेल.