एक भिंत, ऐंशी मालक आणि माझी एक्सेल शीट

तुम्ही हे लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकत असाल किंवा इथे निवांत वाचत असाल, सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. आजचा विषय रेड वाईनचा आहे, पण मी वाईनचा जाणकार वगैरे नाही. मी पोटासाठी कोड लिहितो. द्राक्षाशी मात्र माझं जन्माचं नातं आहे. निफाड तालुक्यात आमची सहा एकर बाग आहे, खायच्या द्राक्षाची, थॉमसनची.

मागच्या वर्षी आजोबा गेले आणि घरात वाटणीचा विषय निघाला. तिघे भाऊ: थोरले काका, पप्पा आणि धाकटे काका, ज्यांना आम्ही आबा म्हणतो. सहा एकर, तिघं जण, प्रत्येकी दोन एकर. इंजिनिअरला याहून सोपं गणित कोण देणार? मी एक्सेल शीट केली, नकाशावर दोन आडव्या रेघा मारल्या आणि तीन रंग भरले. वरचा तुकडा थोरल्या काकांना, मधला आम्हाला, खालचा ओढ्याकडचा आबांना. आबांनी मोबाईल हातात घेतला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "एकर सारखे केले बाळा तू. पण पाणी कुठं साचतं, त्याचा रकाना कुठंय यात?"

मला तेव्हा राग आला होता. आबा मुद्दाम अडवताहेत असं वाटलं. चार महिन्यांनी कामासाठी फ्रान्सला, लिऑनला गेलो, तोवर आमचं बोलणं जवळजवळ बंद झालेलं होतं.

ऑक्टोबरअखेरचा एक रविवार मोकळा होता, म्हणून बरगंडीत गेलो. दिजों शहराच्या दक्षिणेला वूजो नावाचं छोटंसं गाव आहे आणि तिथे 'क्लो द वूजो' ही द्राक्षबाग. फ्रेंचमध्ये 'क्लो' म्हणजे भिंतीने बंदिस्त केलेली बाग. क्षेत्र साधारण 50 हेक्टर, म्हणजे आपले सव्वाशे एकर, आणि भोवती दगडी भिंत.

पहिल्यांदा बघून मी हिरमुसलोच. आपल्याकडे बाग म्हणजे डोक्यावर मांडव, खाली सावली, वर लटकणारे घड. तिथे वेली कमरेएवढ्यासुद्धा नाहीत. पण लागवड बघा किती दाट: हेक्टरी सुमारे 10,000 वेली, म्हणजे एकरी 4,000. आपण नऊ बाय पाचवर लावतो, तर एकरात हजारसुद्धा बसत नाहीत. त्यांना वेलीकडून टनावारी माल नकोच असतो. थोडेच घड हवेत, पण चवीला दमदार.

आता ही बाग लावली कुणी? साधूंनी! 1098 साली जवळच्या सितो या दलदलीच्या, रानातल्या जागी काही ख्रिस्ती साधूंनी नवा मठ काढला. तेच पुढे सिस्टर्शियन म्हणून ओळखले गेले. नियम कडक: प्रार्थना करा आणि हाताने कष्ट करा. वाईन त्यांना चालायची. मिस्सा विधीला ती लागायचीच, आणि संत बेनेडिक्टच्या नियमावलीत साधूंना रोज मोजकी वाईन घ्यायची परवानगीही होती. मठाच्या आसपासची ओली जमीन द्राक्षाला बरी नव्हती, म्हणून ते इथल्या उताराकडे वळले.

मला सगळ्यात भारी वाटलं ते पुढचं. सव्वाशे एकर त्यांना एकगठ्ठा मिळालेले नाहीत. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला कुणी एक तुकडा दान दिला, कुणाकडून एक विकत घेतला, कुणाशी अदलाबदल केली. असं करत करत तुकडे जोडायला त्यांना दोनेक शतकं लागली. भिंत पूर्ण झाली 1336 च्या सुमारास. म्हणजे ज्याने पहिला तुकडा घेतला त्याने भिंत बघितली नाही, आणि ते त्याला माहीत होतं.

बागेत आज वेल आहे पिनो न्वारची. काळं द्राक्ष, पातळ साल, घट्ट घड. थंडी पडली की आजारी, पाऊस लागला की कूज. डाउनीशी झुंजलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. 1395 मध्ये बरगंडीच्या ड्यूकने, 'धाडसी' फिलिपने, भरपूर पिकणारी गामे ही जात उपटून टाकायचा हुकूम काढला होता. माल कमी आला तरी चालेल, पण पिनो ठेवा, असा त्याचा आग्रह.

एक गंमत सांगतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस लाल नसतोच, जवळजवळ पांढराच निघतो. रंग असतो सालीत. म्हणून रेड वाईनसाठी रस आणि साल एकत्र आंबवतात, मग दाबून चोथा वेगळा करतात आणि वाईन ओकच्या पिंपात मुरायला ठेवतात. दाबायची ती जुनी अवजड यंत्रं बागेतल्या शातोमध्ये अजून आहेत. लाकडाच्या चार प्रचंड प्रेस. एकेक तुळई अशी, की आमच्या घराचं आढं तिच्यापुढे काडी वाटावं.

बागेतून चालताना जमीन जवळजवळ सपाट वाटते. उतार इतका सौम्य की पायांना कळत नाही, पण वेलीच्या मुळांना कळतो. वर शातोच्या बाजूला पातळ माती, चुनखडी आणि खडे, म्हणून निचरा उत्तम. खाली मोठ्या रस्त्याकडे चिकणमाती जाड होत जाते आणि पावसात पाणी थांबतं. साधू वरची, मधली आणि खालची वाईन वेगवेगळी करून उत्तम ती पोप आणि राजांसाठी राखून ठेवायचे, अशी एक गोष्ट सांगतात. ती दंतकथाच समजा. खरी गोष्ट एवढी की सगळा उतार एकाच मालकाकडे होता. खालचं पीक एखाद्या वर्षी बिघडलं तर वरच्यात मिसळून घेता यायचं. तोटाही सगळ्यांचा, नफाही सगळ्यांचा.

असं पावणेसातशे वर्षं चाललं. मला वाटतं, त्याचं एक साधं कारण होतं. साधूंना मुलंबाळं नव्हती! वारस नाही, तर वाटणी नाही.

मग फ्रेंच राज्यक्रांती झाली. चर्चच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि 1791 मध्ये ही बाग लिलावात विकली गेली. त्यानंतरही ती बराच काळ एका हाती राहिली. 1818 पासून ऊवरार घराण्याकडे होती. पण 1889 मध्ये ती अनेक खरेदीदारांत विभागली गेली, आणि मग विक्री, वारसा, पुन्हा विक्री. आज त्या एका भिंतीच्या आत सुमारे 80 मालक आहेत. सरासरी काढा, माणशी दीड एकर. कुणाकडे जास्त, कुणाकडे मोजक्या ओळी. शातोमध्ये आता वाईन बनत नाही. 1944 पासून तो वाईनप्रेमींच्या एका मंडळाच्या ताब्यात आहे, तिथे मेजवान्या होतात.

आणि आता ऐका. 1937 मध्ये दर्जा ठरवला गेला तेव्हा भिंतीच्या आतली जवळपास सगळी बाग 'ग्रां क्रू' झाली, म्हणजे बरगंडीतली सर्वोच्च पायरी. वरच्या खड्यांतली वेलसुद्धा ग्रां क्रू आणि खाली रस्त्यालगत पाणी साचतं तिथलीसुद्धा. बाटलीवर नाव एकच. म्हणून जाणकार सांगतात, फक्त बागेचं नाव बघू नका, बनवणारा कोण आणि त्याचा तुकडा कुठला ते बघा. खालच्या मातीतही जीव ओतून सुंदर वाईन काढणारे आहेत, आणि वरच्या जागेवर नुसत्या नावावर खाणारेही.

मी खालच्या टोकाला, रस्त्याजवळ उभा होतो. आदल्या रात्री पाऊस झालेला. बुटांना हा एवढा चिखल. वर जाऊन आलो होतो तेव्हा बूट कोरडे होते. नकाशावर ही दोन्ही ठिकाणं एकाच रंगाची आहेत. आणि मला माझी शीट आठवली. तीन रंग, दोन-दोन एकर, आणि आबांचा तो प्रश्न. लाज वाटली, खरंच.

तिथूनच आबांना फोन लावला. आपल्याकडे रात्र झाली होती. त्यांनी "जेवला का?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "आबा, रकाना टाकतो." ते म्हणाले, "ये आधी, मग बघू."

आल्यावर आम्ही दोघं ओढ्याकडे कुदळ घेऊन गेलो. दोन फूट खाली माती अजून ओली होती. दोन मुळं उकरून पाहिली, काळी पडलेली. आबा म्हणाले, "हे मी तीस वर्षं बघतोय. तुझ्या आजोबांनाही माहीत होतं, म्हणून तर त्यांनी कधी रेघ मारली नाही."

आता शीटमध्ये निचरा आहे, विहिरीपासूनचं अंतर आहे, वेलींचं वय आहे. उत्तर अजून मिळालेलं नाही. रेघा उभ्या मारल्या तर प्रत्येकाला थोडा मुरूम आणि थोडी काळी जमीन मिळते, पण पट्टे इतके अरुंद होतात की ट्रॅक्टर वळत नाही. यंदाची छाटणी तिघांनी मिळून केली आणि मालाचा हिशेब एकत्र ठेवायचं ठरलं. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. आम्ही काही साधू नाही. वारस आहेत, लग्नं आहेत, कर्जं आहेत, वाटणी कधीतरी होईलच. पण ती करताना तिघंही बांधावर उभे असतील, मोबाईलभोवती नाही.

तुमच्या घरी वाटणी झाली असेल तर कशी झाली, आडवी की उभी? मला व्हॉइस नोट पाठवा. आणि जमिनीचा नकाशा कुणी समोर ठेवला, तर सही करण्याआधी एक पाऊस जाऊ द्या आणि त्या जमिनीवरून चालून या.

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या!