आपण विसरतो का?



स्मरणशक्ती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर धान्याचे पेव येते. एकदा भरून तोंड लिंपले की हवे तेव्हा काढावे, आणि काही सापडेनासे झाले तर पेवात पाणी शिरले असे समजावे. हे चित्र सोयीचे असले तरी अपुरे आहे. आपण जे विसरतो त्यातील पुष्कळसे मनात शिल्लक असते. ते बाहेर येण्याचे निमित्त तेवढे हरवलेले असते. आज मला मुख्यतः एवढेच सांगावयाचे आहे.

स्मरणाच्या तीन पायऱ्या आहेत: घेणे, ठेवणे आणि काढणे. पहिल्या पायरीवरच आपण वारंवार घसरतो. किल्ली ठेवताना मन बाजाराच्या हिशेबात गुंतलेले असते. मग ती कोठे ठेवली हे आठवणार कसे? मनाने ते टिपलेलेच नसते. अवधान नाही, तेथे आठवण नाही.

दुसऱ्या पायरीचे मोजमाप हेर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन पंडिताने केले व ते 1885 साली प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो स्वतः पाठ करी आणि काही काळाने त्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजी. तासाभराने निम्म्याहून कमी, एका दिवसाने सुमारे एकतृतीयांश, पण महिन्यानंतरही सुमारे एकपंचमांश श्रम वाचत होते. म्हणजे विसर प्रारंभी झपाट्याने पडतो व पुढे मंदावतो. म्हणूनच वाचलेल्या गोष्टीची उजळणी लवकर करावी आणि मग दिवस टाकून करीत राहावी.

तिसरी पायरी सर्वांत उपेक्षित. एंडेल टल्व्हिंग व त्यांच्या सहकारी झेना पर्लस्टोन ह्यांनी 1966 साली दाखवून दिले की, शब्दांची यादी ऐकविल्यावर जे शब्द माणसाला आठवत नाहीत, त्यांतील कित्येक त्या शब्दांच्या वर्गाचे नाव सांगताच आठवतात. शब्द मनात होते. त्यांना हाक हवी होती.

ह्याचा पुरावा आपल्या घरांतही आहे. अक्षरओळख नसलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना शेकडो ओव्या पाठ होत्या. जात्याचा खुंटा हाती आला, दगड फिरू लागला की एकीमागून एक ओवी येई. ठेका, यमक, पहाटेची वेळ आणि जोडीला बसलेली जाऊ किंवा नणंद, ह्या साऱ्या हाकाच होत्या. पिठाची गिरणी आली, अंगमेहनत वाचली हे चांगलेच झाले. पण त्या हाकाही बंद पडल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ ह्यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारांवर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 1996 साली वडवणीच्या शेजारच्या माजलगाव भागातील स्त्रियांच्या ओव्याही त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. जात्यावरची पिढी विचारण्याजोगी होती तोवर कोणी विचारले, म्हणून एवढे तरी हाती राहिले.

मात्र आठवलेले सारे जसेच्या तसे असते असे समजू नये. फ्रेडरिक बार्टलेट ह्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील आदिवासींची एक कथा आपल्या लोकांना वाचावयास दिली. त्यांनी ती आठवून सांगितली तेव्हा कथा आखूड झाली आणि परक्या गोष्टींच्या जागी ओळखीच्या आल्या. 1932 साली त्याने लिहिले की, आठवणे म्हणजे दर वेळी नवी जुळणी करणे. ह्यासाठीच म्हाइंभटांचे मोठेपण ध्यानात घ्यावे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांच्या आठवणी जमविताना त्यांनी ज्याने जे पाहिले-ऐकले त्याला जाऊन विचारले; त्यातून ‘लीळाचरित्र’ झाले. पुढे परचक्रात मूळ प्रत गेली, आणि अनुयायांनी पाठ असलेल्या लीळांवरून ग्रंथ पुन्हा सिद्ध केला, असे महानुभाव परंपरा सांगते. त्याचे अनेक पाठ आज आढळतात ते त्यामुळेच. एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी ताडून पाहावी, हा धडा त्यात आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना. उतारवयात नाव चटकन ओठावर न येणे ही साधी गोष्ट आहे. पण रोजच्या वाटेवर घर सापडेनासे होणे, तोच प्रश्न घटकाघटकाने विचारणे, ओळखीचा व्यवहार जमेनासा होणे, ह्याला म्हातारचळ म्हणून हसू नये; तो मेंदूचा आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवावे. काही कारणांवर उपचार होतात, आणि जेथे होत नाहीत तेथेही घरच्यांना कसे वागावे ते कळते.

विद्यार्थ्यांनी काय करावे? रोडिगर व कार्पिकी ह्यांच्या 2006 सालच्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते. परंतु आठवड्यानंतर, वाचून झाल्यावर मजकूर आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हा पोरांनो, पुस्तक मिटा आणि आठवून लिहा.

आणि मोठ्यांनी? घरी गेल्यावर आजीला “तुला काय आठवते?” असे मोघम विचारू नका, ती “काही नाही रे बाबा” म्हणेल. “दळायला बसल्यावर पहिली ओवी कोणाची गायचीस?” असे विचारा, आणि वही जवळ ठेवा.