काळ्या जमिनीवरील घराचा पाया

मराठी खेड्यांत जमिनीचे दोन भाग मानीत : काळी ती कसण्याची, पांढरी ती वस्तीची. आज सोलापूर, अकोला, अमरावती यांसारखीं शहरें पसरत पसरत काळींत उतरलीं आहेत. आयुष्याची पुंजी घालून बांधलेल्या बंगल्यास दोनतीन वर्षांतच खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग गेली, म्हणजे घरधनी गवंड्यास बोल लावतो. पुष्कळदां बिचारा गवंडी निर्दोष असतो.

दोष मातीच्या स्वभावांत आहे. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातींत माँटमोरिलोनाइट नांवाचें खनिज असतें. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें कीं ते एकमेकांपासून दूर सरतात. म्हणून जमीन पावसाळ्यांत फुगते आणि वैशाखांत हात जाईल इतकी फाटते. घराखालीं तर प्रकार आणखी विचित्र असतो. मधल्या मातीस ऊन लागत नाहीं, तेथें ओल सांठत जाते. कडेची माती मात्र दरसाल भिजते व वाळते. मध्य उचलला जातो, कडा खालींवर होत राहतात. विटांच्या भिंतीस दाब सोसतो, ताण सोसत नाहीं. मौज अशी कीं उंच, जड इमारत आपल्या भारानेंच ही माती बरीच दाबून धरते. हाल होतात ते एकमजली घराचे.

मातीची परीक्षा सोपी आहे. वाळवून चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम घेऊन दोन मापनळ्यांत घालावी. एकींत पाणी, दुसरींत रॉकेल. रॉकेलानें ती फुगत नाहीं. 24 तासांनंतर दोहोंत दिसणारा फरक हाच तिचा फुगवटा.

पाया ऋतुमानाची ओल-सुकी जेथवर पोंचते, त्याच्या खालीं न्यावा, हा मूळ नियम. आपल्याकडे ही खोली सुमारें साडेतीन मीटर धरतात. तितकें खोदणें लहान घरास परवडत नाहीं. थोडक्यांत मुरूम लागला तर भाग्यच. नाहीं तर काळी माती काढून न फुगणाऱ्या मुरमाचा सुमारें एक मीटरचा थर नीट दाबून बसवावा. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक कट्टी यांच्या संशोधनानें या उपायास शास्त्रीय आधार मिळाला. मुरमाऐवजीं चरांत नुसती वाळू भरण्याची हौस मात्र घातक : वाळूंत पाणी सांठतें आणि खालच्या मातीस तेंच पाजलें जातें. तिसरा मार्ग रुडकीच्या संस्थेनें रूढ केलेल्या, तळाशीं कंदासारखा फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खांबांचा. खांब खोल स्थिर मातींत रुततात; त्यांवरील तुळई व जमीन यांत पोकळी ठेवावयाची, म्हणजे माती फुगली तरी तुळईस धक्का लागत नाहीं.

एवढें करूनही न्हाणीचें पाणी भिंतीशीं मुरूं दिलें, तर खर्च वायां गेला. जोत्याभोंवतीं बाहेर उतरती फरसबंदी हवी, आणि मोठीं झाडें दूर. ज्यांच्या घरास भेग पडलीच आहे, त्यांनीं प्रथम नळाची गळती शोधावी. मग भेगेवर प्लास्टरची पट्टी आडवी लावून एक उन्हाळा आणि एक पावसाळा ती कोठें व कधीं तुटते तें पाहावें. ऋतूबरोबर उघडझांप करणारी भेग नुसती सिमेंटनें बुजवली, तर पुढील वर्षीं तिच्या शेजारीं दुसरी दिसावयाची.