यंत्राला भूक नसते



यंत्र आता कथाही लिहू लागले, या बातमीचे पुष्कळांना नवल वाटते. मला वाटत नाही. चार्ली चॅप्लिनने १९३६ सालीच ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये कामगाराला घास भरवणारे यंत्र दाखवले होते. हेतू काय? तर जेवणाची सुट्टी वाचावी! तेव्हा मालकाला सुट्टी नको होती. आता जेवणाराच नकोसा झाला आहे.

हॉलिवूडचे लेखक २ मे २०२३ रोजी संपावर गेले. पडद्यावरच्या नायकाला शौर्याची वाक्ये पुरवणारे लोक स्वतःच फलक घेऊन फाटकावर उभे राहिले! जुलैत नटनट्याही संपात उतरल्या. लेखक १४८ दिवस झुंजले. करारात ठरले : लेखक म्हणून यंत्राचे नाव लागणार नाही, आणि ते वापरण्याची सक्ती लेखकावर होणार नाही.

‘यंत्र फोडा’ असे त्यात कुठेच नाही, हे लक्षात घ्या. यंत्र संप करीत नाही, म्हणून मालकाला प्रिय. पण ते सिनेमाचे तिकीटही काढीत नाही! यंत्र जरूर यावे. मात्र त्याच्या आगमनाच्या कागदावर कामगाराचीही सही हवी.