पावलांचा आवाज कोण काढतं?



वाईच्या मुलांनो, तुम्हाला शूटिंगचं नवल नाही. जवळच्याच मेणवलीच्या घाटावर २००४ च्या ‘स्वदेस’चं चित्रीकरण झालं. अशा शूटिंगमध्ये हिरो सगळ्यांना दिसतो. पण पायऱ्या उतरतानाचा त्याच्या चपलांचा आवाज बऱ्याचदा मुंबईतल्या बंद खोलीत कुणीतरी नंतर काढलेला असतो. सिनेमांसाठी मी हेच काम करते. याला फोली म्हणतात.

शूटिंगच्या वेळी माइकचं लक्ष संवादांवर असतं. पुढे डबिंग झालं, की मूळ ध्वनीतले बारीकसारीक आवाजही जातात. मग मी पडद्याकडे बघत फरशीवर, मातीत, वाळूत चालते. नायिका थबकली की त्याच क्षणी मीही थबकायचं. घोड्याच्या टापांना नारळाच्या करवंट्या, पाखराच्या पंखांना चामडी हातमोजे. नऊवारीची सळसळ मात्र मी नऊवारीनेच करते, तिथे मला तडजोड चालत नाही.

शाळेत असताना असलं काही काम असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आज मुद्दाम तुमच्या शाळेत आले.

अशी न दिसणारी कामं शोधायला तुम्हाला तर मुंबई गाठायलाही नको. मराठी विश्वकोश तुमच्या गावात घडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ साली आला, विसावा २०१५ साली. एवढ्या वर्षांत इथे केवढी माणसं राबली असतील! नोंद लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा. शास्त्रीय संज्ञेला मराठी शब्द ठरवायचा, आकृत्या काढायच्या, मुद्रितं वाचायची. भूगर्भशास्त्र शिकलेल्या माणसाला कोशात काम मिळू शकतं, हे आपण मुलांना कधी सांगतो का?

पालकहो, “त्यात पोट भरतं का?” हा तुमचा प्रश्न रास्त आहे. माझ्या कामात बांधलेला पगार नाही. सिनेमा हातात असला की रात्र-रात्र जागायचं, नसला की वाट बघायची. तरीही मी हेच काम पुन्हा निवडीन. फक्त हा प्रश्न मुलांच्या आधी तुम्ही विचारू नका. मुलांनाच अशी कामं करणाऱ्या माणसांकडे पाठवा, त्यांनाच विचारू द्या: हे काम कुठे शिकलात? सुरुवातीला काय जमत नव्हतं? महिन्याचं कसं भागतं?

माझ्यापासूनच सुरुवात करा. बक्षीस समारंभ झाल्यावर मी इथेच थांबणार आहे. करवंट्याही आणल्यात.