प्रवासापूर्वीची तपासणी आणि विम्याचा कागद

(ताथवडे येथे भरलेल्या पालक व ज्येष्ठांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून विम्याविषयी बोलणे थोडे विजोड वाटेल. बोलावणे आले तेव्हा मी चिटणीससाहेबांना तसे म्हणालोही. ते म्हणाले, "आमच्याकडे मुलांच्या फॉर्मवर सही करायला येणारे निम्मे लोक आजी-आजोबाच असतात. त्यांना कामाचे काही सांगा." तेव्हा कामाचेच सांगतो. मी डॉक्टर नाही, विमा एजंटही नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात कामगार कल्याण खात्यात एकतीस वर्षे काढली. दवाखान्याच्या चिठ्ठ्या, रजेचे अर्ज आणि नाकारलेले दावे हेच माझे वाचन.

आपले ताथवडे २००९ साली महापालिकेत आले. त्याआधी हे मुळशी तालुक्यातले गाव. आसपासच्या वस्त्यांतली आपली मंडळी मात्र त्याच्या कितीतरी आधी टेल्को, बजाज, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि भोसरीच्या लहान कारखान्यांत कामाला लागली होती. ती पिढी आता निवृत्त झाली आहे. मुले हिंजवडीत, कुणी दोहा-दुबईत, एखादा अमेरिकेत. पूर्वी म्हाताऱ्या माणसाचा प्रवास म्हणजे गावी जाणे, आणि नशिबात असेल तर आयुष्यातून एकदा हजला. तोही मुंबईहून बोटीने. ती बोट १९९५ साली बंद झाली. आता सत्तरीच्या आजी नातवाच्या बाळंतविड्याची पेटी घेऊन एकट्या विमानात बसतात. गुडघे तेच, साखर तीच, फक्त अंतर वाढले.

आमच्या थोरल्या मेहुण्यांची हकिकत सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे. वय सदुसष्ट, भोसरीला टर्नर म्हणून आयुष्य गेले. मुलगी दोह्याला. तिने तिकीट पाठवले. प्रवासाच्या विम्याचा फॉर्म एजंट घरी घेऊन आला, आणि आजारांच्या रकान्यात त्याने सरसकट 'नाही' लिहिले. मी शेजारीच बसलो होतो. मी म्हणालो, "भाईजान, तुम्हाला बीपीची गोळी बारा वर्षे चालू आहे ना?" ते शांतपणे म्हणाले, "गोळी चालू आहे, म्हणूनच बीपी नाही." एजंट हसला. म्हणाला, "काका, 'हो' लिहिलं की तपासणी लागेल, हप्ता वाढेल. कशाला?"

तेवढ्यावर मी तो फॉर्म त्याच्या हातातून काढून घेतला. घरात थोडी कुरबूर झाली. तपासणी करायचीच असे ठरल्यावर ईसीजी, रक्त, लघवी आणि छातीचा एक्स-रे मिळून दोन हजार आठशे रुपये झाले. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या मुलाच्या कंपनीने आई-वडिलांचाही सामूहिक विमा उतरवला होता. साहजिकच त्याने ती बिले तिकडे पाठवली. दहा दिवसांत उत्तर आले: रुग्ण दाखल झालेला नाही, उपचार झालेला नाही, सबब दावा अमान्य.

मुलगा चिडला. पण त्या उत्तरात नियमबाह्य काही नव्हते, हे मला त्याला सांगावे लागले. आपल्याकडे मेडिक्लेम १९८६ साली आला तो इस्पितळात दाखल होण्याचा खर्च भागवण्यासाठी. अजूनही त्याचा गाभा तोच आहे. आरोग्य विम्याच्या प्रमाणित वगळणुकींची जी यादी प्रत्येक पॉलिसीत छापलेली असते, तिच्यात चौथ्या क्रमांकावर 'तपासणी व मूल्यमापन' आहे. म्हणजे केवळ तपासण्यांसाठी तुम्ही इस्पितळात दोन रात्री काढल्या तरीही तो खर्च मिळत नाही. सरकारी योजनांचेही तेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असो, की २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, पाच लाखांपर्यंत संरक्षण देणारे आयुष्मान वय वंदना कार्ड असो, दोन्हींचा हात इस्पितळाच्या खाटेपर्यंत पोहोचतो. चालत्या-फिरत्या माणसाने प्रवासाला निघण्यापूर्वी काढलेल्या ईसीजीपर्यंत पोहोचत नाही.

यातली एक गंमत ऐका. नवी आरोग्य पॉलिसी घेताना कंपनीने तपासणी करायला लावली आणि प्रस्ताव स्वीकारला, तर एक वर्षापर्यंतच्या पॉलिसीत त्या तपासणीचा किमान निम्मा खर्च कंपनीने सोसावा, असे विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमावलीत होते. प्रवासविमा मात्र त्यातून वगळलेला होता. ती नियमावली जाऊन २०२४ साली नवी आली. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून आरोग्य विमा घेण्यासाठी पासष्ट वर्षांची जी अट आडवी येत असे ती गेली, आणि जुन्या आजारासाठी थांबायला लावण्याची कमाल मुदत छत्तीस महिन्यांवर आली. चांगली गोष्ट आहे. पण वीस-तीस दिवसांच्या प्रवास पॉलिसीला छत्तीस महिन्यांच्या मुदतीचा काय उपयोग? तिथे जुना आजार बहुधा बाहेरच राहतो. फार तर जीवावर बेतले तर थोडेबहुत देतात. तेव्हा कंपनीला आधी लेखी विचारावे: तपासणीचा खर्च कुणाचा, आणि जाहीर केलेल्या आजाराचे काय?

आता तुम्ही म्हणाल, विमा तपासणीचे पैसे देत नसेल तर तपासणी करायचीच कशाला? इथे मला सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल सांगायचे आहेत. ते मी निवृत्तीनंतर चष्मा पुसून पुसून वाचले.

पहिला ६ डिसेंबर २०२१ चा, न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठाचा. २००६ च्या मे महिन्यात एक गृहस्थ नात्यातल्या लग्नासाठी अमेरिकेला निघाले. त्यांनी ओव्हरसीज मेडिक्लेम पॉलिसी घेतली. आपल्याला मधुमेह आहे हे त्यांनी सांगितले होते. पॉलिसी देण्यापूर्वी त्यांची वैद्यकीय तपासणी झाली, आणि मधुमेहाखेरीज वावगे काही आढळले नाही असा अहवाल आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरतात न उतरतात तोच दरदरून घाम आणि अशक्तपणा. इस्पितळात नेले, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत तीन स्टेंट घालावे लागले. अमेरिकेतल्या इस्पितळाचे बिल म्हणजे काय असते, हे ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांना विचारा. कंपनीने दावा नाकारला. कारण काय, तर रक्तातील चरबी वाढलेली होती आणि त्यासाठीच्या स्टॅटिनच्या गोळ्या चालू होत्या, हे सांगितले नाही. २०१५ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढेही ते हरले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र उलट निकाल दिला. विमेदाराने मधुमेह सांगितला होता, कंपनीने तपासणी करून, प्रकृती पाहून, जोखीम पत्करली होती. मग ज्या प्रकृतीची कंपनीला आधीच कल्पना होती तिच्याकडे बोट दाखवून नंतर अंग काढून घेता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. पंधरा वर्षे गेली त्यात. पण त्या माणसाला जिंकून दिले ते त्या प्रवासापूर्वीच्या तपासणीच्या कागदाने आणि फॉर्मवर लिहिलेल्या 'मधुमेह' या एका शब्दाने.

दुसरा निकाल २००९ चा. तिथे मेडिक्लेम घेताना दीर्घकाळचा मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार सांगितलाच नव्हता. गृहस्थ वारले. पत्नीने दावा लावला आणि ती हरली. विम्याचा करार पूर्ण विश्वासाचा असतो आणि ज्या गोष्टीने कंपनीचा निर्णय बदलला असता ती लपवली तर संरक्षण राहत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. फॉर्म कुणी भरला, एजंटाने की जावयाने, याला महत्त्व नाही. खाली सही आपली असते.

हजला जाणाऱ्यांविषयी वेगळे सांगायला हवे, कारण तिथे तपासणी टाळताच येत नाही. हज कमिटीकडे निवड झाल्यावर सरकारी डॉक्टरांचे तपासणीचे व योग्यतेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. मेंदूज्वराची लस निदान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. तरी आपल्यातले काही जण ओळखीच्या डॉक्टरकडे जाऊन नाडीही न दाखवता सही घेऊन येतात, आणि त्याला 'काम झालं' म्हणतात. २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा पन्नास अंशांच्या वर गेला होता. त्या वर्षी १,३०१ यात्रेकरू दगावल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. त्यांतले बहुसंख्य परवान्याशिवाय गेलेले, म्हणजे सावली-पाण्याची सोय नसलेले, होते. त्या उन्हात मिना, अराफात, मुजदलिफा असे मैलोन्‌मैल चालायचे असते. ज्याच्या हृदयाची शक्ती किती हे ठाऊक नाही, त्याला योग्यतेची सही मिळवून देणारा त्याच्यावर उपकार करत नाही. उमरा व्हिसाबरोबर जो विमा येतो, तोही तिथे पोहोचल्यावरच्या आकस्मिक आजारासाठी. इथल्या तपासणीशी त्याचा संबंध नाही. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा हवा तर किमान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा, पण तपासणीचा खर्च तिथेही आपल्याच खिशातून.

मग पैसा आणायचा कुठून? जे माझ्या माहितीत आहे तेवढे सांगतो.

सर्वांत दुर्लक्षिलेली सोय आपल्या कामगार पट्ट्यातच आहे. जो कामगार किमान पाच वर्षे राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये होता आणि वयोमानाने निवृत्त झाला, त्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःला व पत्नीला वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. महिन्याला नव्हे, वर्षाला एकशे वीस. आमच्या कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगत असे, आणि दहांतले आठ जण फॉर्म खिशात ठेवून विसरत. पगार मर्यादेच्या वर गेल्यामुळे निवृत्तीआधीच योजनेबाहेर पडलेल्यांसाठीही महामंडळाने २०२४ साली काही अटींवर वाट मोकळी केली. आपण त्यात बसतो का, हे शाखा कार्यालयात जाऊन विचारावे. साखर, रक्तदाब, हृदय यांसाठी तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तपासण्यांना पैसे पडत नाहीत. तिथे 'प्रवासाचे प्रमाणपत्र द्या' म्हणून जाऊ नका. आपला आजार घेऊन जा, नियमित जा, म्हणजे प्रवासाच्या वेळी केसपेपर तयार असतो. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचे रुग्णालय आहे. ज्यांचा ईएसआयशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. रांग लागते हे खरे. पण व्हिसाच्या रांगेत आपण निमूटपणे उभे राहतोच की.

दुसरे, पुष्कळ आरोग्य पॉलिसींत वर्षातून किंवा काही वर्षांतून एकदा फुकट तपासणीचे कलम असते. ते वापरले नाही तर वाया जाते. प्रवास ठरला की आधी ते कलम शोधा. आणि जी मुले जुन्या पद्धतीने आयकर भरतात, त्यांना आई-वडिलांच्या प्रतिबंधक तपासणीचे पाच हजारांपर्यंतचे बिल ८०डी कलमाखाली दाखवता येते. ही एक बाब अशी की रोखीने दिलेले पैसेही चालतात. पावती मात्र हवी.

चिटणीससाहेबांपुढे माझी एक मागणी आहे. संस्थेने दवाखाना काढावा असे मी म्हणत नाही. हे फॉर्म इंग्रजीत असतात, अक्षर मुंगीएवढे, आणि आमच्या पिढीला ते वाचता येत नाही, म्हणून एजंट 'नाही' लिहितो आणि आम्ही सही करतो. तुमच्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलींना ते वाचता येते. महिन्यातून एका रविवारी दोन तास, एका शिक्षिकेच्या देखरेखीखाली, चार मुली टेबल मांडून बसल्या आणि त्यांनी आजी-आजोबांना आजाराचा रकाना मोठ्याने वाचून दाखवला, गोळ्यांच्या पाकिटावरची नावे जशीच्या तशी उतरवून दिली, तर पैशाचा खर्च शून्य. गेल्या वर्षी कारखान्याच्या निवृत्त संघात आम्ही हे तीन वेळा केले. एका आजोबांच्या पिशवीतून रक्त पातळ करणारी गोळी निघाली. ते तिला 'ताकदीची गोळी' म्हणत होते.

मेहुण्यांचे काय झाले ते सांगायचे राहिले. ईसीजी पाहून डॉक्टरांना शंका आली, पुढची तपासणी झाली, गोळ्या बदलल्या, आणि प्रवास सहा आठवडे लांबला. मुलगी फोनवर रडली. फॉर्म नव्याने भरला. त्यात रक्तदाब लिहिला, दोन्ही गोळ्यांची नावे लिहिली, अहवाल जोडले. हप्ता वाढला, एजंट रुसला. दोह्याहून ते परवाच परत आले. तिकडे विम्याची गरज पडली नाही. फाईल मात्र त्यांनी मला परत दिलेली नाही, म्हणतात, "पुढच्या वर्षी उमऱ्याला लागेल."