वैद्यकीय विद्या आणि समाजाचा विश्वास
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



परीक्षेचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एक वाक्य ऐकू येते, "मुलाला डॉक्टर करायचे आहे." इच्छा चांगलीच आहे. पण डॉक्टर होऊन त्याने काय करावे, हे मात्र आपण मुलाशी क्वचितच बोलतो. आज त्याविषयी चार शब्द बोलावेत म्हणतो. उपदेश करण्यापेक्षा आपल्या मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाची हकिकत सांगतो. ती ऐका आणि आपापला बोध घ्या.

भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. सर जमशेटजी जीजीभाईंच्या उदार देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय त्याला जोडलेले. कॉलेजची पहिली तुकडी १८५१ साली पदवीधर झाली. तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांनी गोरगरिबांवर मोफत उपचार केले आणि कुष्ठरोगावर औषध शोधण्यासाठीही परिश्रम घेतले. सेवा आणि संशोधन हातात हात घालून चालावीत, हा धडा या कॉलेजच्या पहिल्याच तुकडीने घालून दिला.

याच कॉलेजचे दुसरे एक पदवीधर डॉ. अकासिओ व्हिएगस. मूळचे गोव्यातील हडफड्याचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्ण तपासताना त्यांनी प्लेग ओळखला आणि तसे उघडपणे सांगितले. बंदराच्या शहराला अशी बातमी कशी आवडणार? तरीही त्यांनी सत्य झाकले नाही. डॉक्टरचा पहिला गुण तोच होय.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डॉ. वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसा शहरी जन्मलेले हे ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करून हिंदुस्थानात आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना लहानशी जागा मिळाली, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब सोडून त्याखाली त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, मग ते उष्णतेने मारून लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, पण पुढचा मार्ग मोकळा झाला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. राजीखुशीने लस घेतलेल्या कैद्यांपैकी २ जणांना प्लेग झाला, दगावले कोणी नाही. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना झाला आणि ६ दगावले.

मित्रहो, लस तयार झाली, पण ती घेणार कोण? शहरात भीतीचे वातावरण होते. ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्याच्या बाजूला आपल्या विणकर बांधवांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली. परक्या पुरुषांनी घरात शिरावे आणि लेकीबाळींना उचलून न्यावे, हे कोणत्या बापाला सहन होईल? त्यांचा संताप समजण्यासारखा होता. पण संतापाने प्लेग थांबला नाही.

याच काळात खोजा समाजाचे तरुण इमाम आगाखान तिसरे यांनी सर्वांच्या देखत लस टोचून घेतली. तेव्हा त्यांचे वय विशीच्या आसपास होते. त्यांनी लोकांना व्याख्यान दिले नाही, नुसती बाही वर सारली. त्यानंतर त्यांच्या समाजातील हजारो माणसे पुढे आली. लस तीच, सुई तीच. फरक पडला तो आपल्या माणसावरच्या भरवशाने.

हा भरवसा नाजूक असतो. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिनसाहेबांवर आला, नोकरीवर गदा आली. निर्दोष ठरायला त्यांना १९०७ साल उजाडावे लागले. पुढे १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. संशोधनाचे काम असे असते. त्यात यशाइतकाच धीर लागतो.

या जुन्या गोष्टी आज कशाला, असे आपण म्हणाल. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ आली. कोवळी मुले दगावली. लसीचे डोस चुकलेली मुले तेथे पुष्कळ होती. गोवराची लस तर कित्येक दशकांपासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळते! कोठे भीती आडवी आली, कोठे अफवा, कोठे आईला मजुरी बुडवून रांगेत उभे राहणे परवडले नाही. लस होती, तिच्यापासून त्या घरापर्यंतचा दुवा तुटलेला होता.

तो दुवा आपल्या मुलामुलींनी व्हावे, एवढेच माझे मागणे आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजने १८८३ सालीच मुलींना दार उघडले. मदनपुऱ्याच्या त्या घरी परक्या पुरुषांऐवजी त्याच मोहल्ल्यातली एखादी डॉक्टर मुलगी गेली असती, तर काय झाले असते याचा पालकांनी विचार करावा. मुलगी हुशार असेल तर "पुढे शिकून काय करणार?" असे तिला विचारू नका. तिची वाट पाहणारी कितीतरी घरे आहेत.

विद्यार्थ्यांनो, साथीच्या गावी जाऊ नये आणि तेथून बाहेर पडू नये, ही हदीसची शिकवण तुम्ही लहानपणापासून ऐकली आहे. इल्म आणि दीन यांत वैर नाही, हे मोहल्ल्यात जाऊन सांगायला तुमच्याइतके योग्य कोण? तुमच्यातील प्रत्येकाला मेडिकलला प्रवेश मिळणार नाही, आणि त्याने खचून जाऊ नये. परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, औषधनिर्माता, आरोग्यसेविका यांच्यावाचून कोणतेही रुग्णालय एक दिवससुद्धा चालत नाही. आणि ज्यांना प्रवेश मिळेल त्यांनी पदवीचा कागद भिंतीवर लावल्यावर आठवड्यातला एक दिवस आपल्या वस्तीला द्यावा. आजारी माणसापाशी बसावे, त्याच्या बोलीत बोलावे, त्याची शंका हसण्यावारी नेऊ नये.

कौमची खिदमत म्हणतात ती हीच. अल्लाह आपल्या मुलांना इल्म देवो आणि ते वाटण्याची तौफीक देवो.